अण्णांचं बोगस गिऱ्हाईक

"नाव काय तुझं?" अण्णांनी विचारलं.

"भूपाल आदगोंडा मगदूम."

"वय?"

"अडुसष्ट."

"अडुसष्ट पूर्ण, एकोणसत्तरावं चालू. झालं काय होतं?"

"पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. जांघेतून आत नळी घालून बसवली."

"'बसवली' नको म्हणू," अण्णा म्हणाले. "'बसवली म्हणतात' असं म्हण. आपण कुठे बघितलीय?"

भूपाल आदगोंडा मगदूम हे माझं नाव नव्हे. ते नाव मिरजेतल्या त्या रसवंतीगृहात माझ्यासमोर बसून आलं-लिंबू घातलेला रस पिणाऱ्या माझ्या थोरल्या भावाचं. मी धनपाल, त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटा. सांगलीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून पाचेक वर्षांपूर्वी निवृत्त झालो होतो. म्हणजे लोकशाहीवर माझा विश्वास होता आणि बाकी वेळ मोकळा होता. मला रस मिळाला नव्हता, कारण सोनोग्राफीला उपाशीपोटी जायचं असतं. सोनोग्राफी माझी होती. आजार अण्णांचा होता.

रस्त्यापलीकडे रुग्णालय. त्याचं नाव मी सांगत नाही. अण्णांनी गावभर सांगितलं होतं.

अण्णांची नोकरी वजनमापे खात्यात, निरीक्षक म्हणून झाली. दुकानात शिरायचं, तराजू उचलून खाली शिक्का शोधायचा, वजनं उलटी करून बघायची आणि दुकानदाराच्या चहाला नाही म्हणायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं इतक्या निष्ठेने केलं, की बदल्यांच्या निमित्ताने त्यांचा निम्मा महाराष्ट्र बघून झाला. त्यांच्या हातातलं खास हत्यार म्हणजे बोगस गिऱ्हाईक. एखाद्या दुकानाबद्दल संशय आला, की ते कुणातरी साध्यासुध्या माणसाला पिशवी देऊन साखर आणायला पाठवत आणि स्वतः समोरच्या हॉटेलात वर्तमानपत्र उघडून बसत. माणूस साखर घेऊन बाहेर आला, की ती मोजायची. कमी भरली, की दुकानदार गेला. या पद्धतीचा एक नियम होता. बोगस गिऱ्हाईकाने निरीक्षकाबरोबर कधी चालायचं नाही. त्या दिवशी सकाळीही त्यांनी मला रिक्षातून अलीकडच्या चौकात उतरवलं होतं आणि आम्ही रस्त्याच्या दोन बाजूंनी रसवंतीत आलो होतो. दोघांच्याही मिशा पांढऱ्या, दोघांचीही नाकं आमच्या वडिलांची. आम्हाला ओळखायला कुणी आम्हाला एकत्र बघायची गरज नव्हती.

हे सगळं का चाललं होतं, ते सांगतो.

दीड वर्षापूर्वी पद्मावहिनींनी मुतखड्याच्या शंकेवरून अण्णांना बळेबळे सोनोग्राफीला नेलं होतं. खडा निघाला नाही. पोटातली महाधमनी मात्र एके जागी फुगलेली निघाली. डॉ. नेर्लेकरांनी समजावून सांगितलं, की हा फुगा दुखत नाही, खुपत नाही, आणि फुटला तर बहुधा माणूस दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचत नाही. अण्णांनी ऐकून घेतलं आणि ऑपरेशन करून घेतलं. चारेक दिवसांत घरी आले. फुगा बंद झाला आणि संशय सुरू झाला.

सुरुवात वजनकाट्यापासून झाली. वॉर्डात वजन करायला उभं केलं, तेव्हा अण्णांनी काट्यावरून उतरून, रुग्णालयाचा तो मागून उघडा झगा सावरत, काटा वाकडा करून खाली बघितलं. शिक्का जुना होता. फेरपडताळणी झालेली नव्हती. सिस्टरला त्यांनी तसं सांगितलं. ती म्हणाली, काका, काटा बरोबर दाखवतो. कमी दाखवतो असं कुठलाच दुकानदार म्हणत नाही, हे अण्णांनी तिला समजावलं. ज्यांना बाहेरचं वजन धड मोजता येत नाही, त्यांनी आपल्या पोटातली नळी मोजून कशी कापली असेल, हा प्रश्न त्यानंतर घरात रोज जेवताना निघू लागला. अण्णा सूर्यास्ताआधी जेवत, त्यामुळे तो दिवसाउजेडीच निघे.

मग फोन येऊ लागले. रुग्णालयातून रेबेका गायकवाड नावाच्या बाई बोलत. ज्यांची ज्यांची अशी ऑपरेशनं झाली, त्यांचं पुढे काय झालं, कोण कसं आहे, कोण आहे आणि कोण नाही, याची पाहणी त्यांच्याकडे होती. गोड बोलत. मगदूम काका, कसे आहात? तपासणीला कधी येता?

इथेच अण्णांची खात्री पटली. तीस वर्षांत एकाही दुकानदाराने त्यांना आपण होऊन फोन करून, साहेब, माझा तराजू येऊन बघा, असं म्हटलं नव्हतं. ज्याचं माप खरं, तो निरीक्षकाला बोलावत नाही, आणि ज्याचं खोटं, तो तर नाहीच नाही. मग हे लोक का बोलावतात? त्याअर्थी आत काहीतरी चुकलंय, आणि ते निस्तरायला त्यांना आता पोटच उघडायचंय.

म्हणून अण्णा प्रत्येक फोनला एकच उत्तर देत, "बरा आहे." बाई ते लिहून घेत असाव्यात. डॉ. नेर्लेकर ते आकडे परिषदांमध्ये मांडत असतील, आणि ऐकणारे डॉक्टर माना डोलवत असतील. आपल्याकडच्या पुष्कळ पाहण्या या 'बरा आहे'वरच उभ्या असाव्यात. आपला माणूस शेवटच्या घटकेलाही फोनवर बराच असतो.

पण अण्णा बरे नव्हते. त्यांची पाठ दुखायला लागली होती. हे मला वहिनींनी सांगितलं, तेही अण्णा मंदिरात गेलेले बघून. खालच्या अंगाला दुखतं, गरम पाण्याची पिशवी घेऊन बसतात, विचारलं तर वयोमान म्हणतात. शिवाय वहिनींना वेगळाच घोर लागला होता.

"भाऊजी, ते फोन गॅलरीत जाऊन घेतात," त्या म्हणाल्या. "दार ओढून. परवा मी मुद्दाम तुळशीला पाणी घालायला गेले. 'नाही म्हणून सांगितलं ना. कोणी नाही' असं चिडून म्हणाले आणि मला बघून फोन ठेवला. काय नाही? कोण नाही? डॉक्टरांनी यांना काहीतरी वाईट सांगितलंय आणि हे लपवतायत."

मलाही तसंच वाटलं. अण्णांना रुग्णालयाचा संशय, वहिनींना अण्णांचा, मला दोघांचा. घरात आम्ही तिघं एकमेकांशी फार जपून बोलू लागलो.

शेवटी मी अण्णांना सरळ विचारलं, की तपासणीला जायला काय घ्याल. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मला गच्चीवर बोलावलं. त्यांनी अट घातली. त्यांच्याऐवजी मी जायचं, त्यांचं कार्ड घेऊन, त्यांच्या नावाने. माझ्या पोटात नळी नाही. नळी अगदी जागेवर आहे, सगळं उत्तम आहे, असं रुग्णालयाने मला सांगितलं, तर ते न बघताच सांगतात हे सिद्ध झालं. आणि मी पकडला गेलो, तर अण्णा त्याच दिवशी, त्याच दारातून आत जातील.

"आणि हो," ते म्हणाले, "काट्याखाली वाकून बघ."

वेडेपणा होता. पण वहिनींनी मला गच्चीच्या जिन्यातच गाठून सांगितलं, की भाऊजी, हो म्हणा. त्या जिन्यात काय करत होत्या, ते मी विचारलं नाही.

तर मी रस्ता ओलांडून आत गेलो. अण्णांनी वर्तमानपत्र उघडलं.

रेबेकाबाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा साखळीला अडकवलेला. आवाजावरून मला वाटलं होतं त्यापेक्षा बऱ्याच कमी गोड. कार्ड बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "आलात एकदाचे. मला वाटलं, तुम्ही नुसता आवाजच आहात."

मी कमीत कमी बोलायचं ठरवलं होतं. त्यांनी वजन करायला सांगितलं. मी काट्यावर चढलो, उतरलो, रुमाल पडल्यासारखा केला आणि वाकून बघितलं. शिक्का चालू वर्षाचा होता. झळझळीत.

"तुमच्याचसाठी करून घेतला," रेबेकाबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी केवढं बोललात सिस्टरला. ती रडली होती. पण तुमचं बरोबर होतं."

मी अण्णांच्या वतीने ओशाळलो.

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता आणि यंत्र चालवणारी डॉक्टर मुलगी इतकी तरुण होती, की मला माझ्या विद्यार्थिनी आठवल्या; त्यांनी माझ्यासमोर कधी काही लक्ष देऊन बघितल्याचं आठवलं नाही. तिने पोटावर गार जेल ओतलं आणि काम सुरू केलं. मी छताकडे बघत होतो. आता ही सगळं छान आहे म्हणणार, आपण बाहेर जाणार, अण्णा जिंकणार, आणि त्यांची पाठ दुखतच राहणार. त्या वेळी मला कळलं, की मी पकडला जावं म्हणून जवळजवळ प्रार्थना करतोय.

तिचा हात थांबला. मागे आला. पुन्हा थांबला.

"काका, ऑपरेशन नक्की झालंय ना?"

"तुमच्याकडेच," मी म्हणालो. "झालंय म्हणतात."

ती बाहेर गेली आणि डॉ. नेर्लेकरांना घेऊन आली. मागून रेबेकाबाई. डॉक्टरांनी उभ्याउभ्याच पडद्याकडे बघितलं, मग माझ्या जांघांवरचा कपडा बोटाने बाजूला करून दोन्हीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

"मगदूम," ते म्हणाले, "मी घातलेली नळी कुठे ठेवलीत?"

मी जांघेवरचा कपडा सारखा केला.

"ती विरघळत नाही. गळून पडत नाही. चोरीला जाण्यासारखीही नाही. आपण कोण?"

पकडला गेल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मी उठून बसायला लागलो, तर मुलीने पडूनच राहा म्हणून खांद्यावर हात ठेवला. पडल्यापडल्याच मी सांगितलं, की मी भूपाल मगदूमांचा भाऊ, धनपाल.

रेबेकाबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"त्यांना भाऊ नाही," त्या म्हणाल्या.

"मी आहे ना."

"नाही. मी प्रत्येक फोनला विचारलंय. प्रत्येक वेळी म्हणाले, भाऊ नाही. एकुलता एक आहे. शेवटच्या वेळी तर अंगावरच आले. 'नाही म्हणून सांगितलं ना, कोणी नाही' म्हणाले."

मला वहिनींची तुळस आठवली.

"पण तुम्ही हे विचारत कशाला होता?" मी म्हणालो.

डॉ. नेर्लेकर स्टूल ओढून बसले. आवाज एकदम खाली आला. म्हणाले, हा आजार रक्तातून येतो. एका भावाला असला, तर दुसऱ्याला असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त. म्हणून ज्यांचं ऑपरेशन झालं, त्या प्रत्येकाला आम्ही विचारतो, भाऊ आहेत का, असले तर एकदा तपासून घ्या. साधी सोनोग्राफी असते.

मग त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. करड्या-काळ्या ढगांत एक गोल काळी पोकळी होती.

"हा फुगा त्यांचा नाही," ते म्हणाले. "त्यांचा मी बंद केलाय. हा तुमचा."

पोटावरचं जेल पुसायला मला कागद दिले. मी बराच वेळ पुसत राहिलो.

बाहेर आलो तेव्हा रसवंतीत अण्णा तसेच बसले होते. वर्तमानपत्र तोंडासमोर, त्यामुळे फक्त टोपी दिसत होती. यंत्राची घुंगरं वाजत होती. मी नियम मोडून सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

"पकडलं," मी म्हणालो.

वर्तमानपत्र खाली आलं. "कुणी? मोठ्या डॉक्टरने?"

"नाही. यंत्रावरच्या मुलीने. बघताबघता."

"काटा?"

"शिक्का चालू वर्षाचा. तुम्ही बोललात म्हणून करून घेतला म्हणाल्या."

अण्णांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी एकदाच बघितलेला भाव आला. कुठल्याशा बाजारातल्या एका तेलवाल्याचं प्रत्येक माप पुरेपूर भरलं होतं, तेव्हाचा. थोडी निराशा, आणि नमस्कार करावासा वाटतोय पण खात्याच्या माणसाने करू नये, असं काहीतरी.

"मग जावं लागणार," ते म्हणाले आणि टेबलाला हात टेकून उठू लागले. पाठ सरळ व्हायला वेळ लागला. तो मी बघतोय हे त्यांनी बघितलं.

"अण्णा, बसा. तुम्ही त्यांना भाऊ नाही असं का सांगितलं?"

ते बसले. वर्तमानपत्राची घडी घातली. त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"त्या बाईला काय पाहिजे होतं ते ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "भाऊ असला तर पाठवा, त्यालाही तपासू."

"मग?"

"तीस वर्षं दुकानांत शिरलो, धनू. जिथे शिरलो, तिथे काही ना काही निघालंच. तो तेलवाला सोडला तर. ज्या दुकानांत शिरलो नाही, ती मजेत चालली होती." त्यांनी ग्लासातल्या उरलेल्या रसाकडे बघितलं. "म्हटलं, माझ्यात निघालं ते निघालं. एक दुकान तरी राहू दे."

आम्ही लहान असताना अण्णा मला शाळेत मारत, आणि दुसऱ्या कुणी मारलं तर त्याला मारत. त्यानंतर आमच्यात या विषयावर बोलणं झालं नव्हतं.

"निघालं," मी म्हणालो.

"काय?"

"माझ्यातही. त्याच जागी."

घुंगरं थांबली. रसवाल्याने ऊस बदलायला यंत्र बंद केलं होतं. अण्णा माझ्याकडे बघत राहिले, आणि ते बघणं खात्याचं नव्हतं.

"माझ्याएवढा?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यापेक्षा जरा लहान."

"थोरल्याचा मान ठेवलास," ते म्हणाले. मग विचारलं, "हे बघत नाहीत या खात्रीनेच तुला पाठवला होता. आणि पाठवलाच नसता तर?"

रसवाल्याने यंत्र चालू केलं.

अण्णा उठले. या वेळी मी हात दिला आणि त्यांनी तो घेतला. आम्ही रस्ता बरोबर ओलांडला. गिऱ्हाईक आणि निरीक्षक, शेजारी शेजारी, सगळ्या मिरजेने बघावं असे.

रेबेकाबाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. अण्णांनी टोपी सारखी केली.

"मी भूपाल मगदूम," ते म्हणाले. "खरा."

"आणि हे?"

"हा माझा भाऊ. लिहून घ्या."

"नक्की ना काका? पुढच्या फोनला पुन्हा नाहीसा व्हायचा नाही ना?"

"लिहून घ्या म्हटलं ना, बाई," अण्णा म्हणाले. "सख्खा आहे. धाकटा. आधी त्याचं बघा, मग माझं."

रेबेकाबाईंनी त्यांचं ऐकलं नाही, पोटात रस होता तरी आधी अण्णांचंच बघायला लावलं. नळीच्या वरच्या टोकाशी रक्त झिरपत होतं आणि बंद केलेला फुगा हळूहळू पुन्हा भरत होता. पाठ त्यानेच दुखत होती. डॉ. नेर्लेकर म्हणाले, आणखी काही दिवस असेच बरे राहिला असतात, तर मला काही करता आलं नसतं. त्याच आठवड्यात त्यांनी आत आणखी एक तुकडा बसवून गळती थांबवली. पुढच्या महिन्यात माझं ऑपरेशन झालं. अण्णा रोज भेटायला येत आणि येताजाता सगळ्या मजल्यांवरचे काटे वाकून बघत. सिस्टर त्यांना चहा विचारत. ते नाही म्हणत.

अण्णा त्यानंतर पुष्कळ जगले. गेले ते न्यूमोनियाने, म्हणजे रुग्णालयाच्या पाहणीत शस्त्रक्रियेशी संबंध नसलेला मृत्यू, म्हणजे यश. रेबेकाबाई स्वतः भेटायला आल्या होत्या. गॅलरीतल्या फोनांची गोष्ट मी त्यांना सांगितली होती; वहिनींजवळ बसल्या आणि तुळशीकडे बघून, याच गॅलरीत का, म्हणाल्या.

आता त्या निवृत्त झाल्या. परवा एका नव्या मुलीचा फोन आला. कसे आहात, तिने विचारलं. मी तिला सगळं सविस्तर सांगितलं, गुडघ्यांपासून झोपेपर्यंत. तिला ते अपेक्षित नसावं. बऱ्याच वेळाने तिला पुढचा प्रश्न विचारायला वाव मिळाला.

"काका, तुम्हाला भाऊ आहेत का?"

"होते," मी म्हणालो. "सख्खे. थोरले."

"त्यांनी तपासणी करून घेतली होती का?"

"त्यांनीच माझी करवली," मी म्हणालो.